वय अठ्ठावीस, निर्व्यसनी

नवा मोबाईल घेतल्यापासून सोनईच्या भाऊसाहेबांच्या मनात पाल चुकचुकत होती. धाकट्या भावाचा, अमृतचा, बायोडाटा त्यांनी वधू-वर ग्रुपवर टाकला होता आणि तिकडून साधा अंगठासुद्धा आला नव्हता. मेसेज जातच नसेल तर? अमृत चौतिशीला टेकला होता.

पण 'टेस्ट' असं टाकून बघायची सोय नव्हती. ग्रुपचे ॲडमिन हनुमंत गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. 'ग्रुपवर फक्त स्थळे टाकावीत. टेस्ट मेसेज टाकणाऱ्यास काढण्यात येईल.' केडगावच्या बिभीषणला त्यांनी असंच काढलं होतं आणि बिचाऱ्याची पोरगी अजून घरात होती. एकच स्थळ आठवड्यात दोनदा टाकायलाही बंदी होती.

तेव्हा भाऊसाहेबांनी नियमात बसणारी टेस्ट शोधली. बायकोनं, जयमालानं, ट्रंक आवरताना त्यांचा लग्नाआधीचा बायोडाटा सापडला म्हणून हौसेनं फोटो काढून पाठवला होता. वय अठ्ठावीस, निर्व्यसनी, स्वभाव शांत. तो टाकायचा आणि गेला की लगेच पुसायचा.

गेला. पुसायला बोट उचललं, तोच मोबाईलचा पडदा काळा झाला. 'अपडेट होत आहे. कृपया थांबा.'

"आता काय थांबा, माझं डोंबल!" भाऊसाहेबांना घाम फुटला. गुरुजींनी ओळखलं तर अमृतचं लग्न कायमचं ग्रुपबाहेर. त्यांनी मोबाईल हलवला, त्यावर फुंकर मारली, शेवटी देव्हाऱ्यासमोर नेऊन धरला.

"काय झालं वो?" जयमालानं विचारलं.

"कुटं काय? उकडतंय लई."

मोबाईल जागा झाला तेव्हा ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली होती. खुद्द गुरुजींनी लिहिलं होतं, 'उत्तम स्थळ. त्वरा करावी.' तेवढ्यात फोन वाजला. घाईत भाऊसाहेबांच्या हातून स्पीकरही सुरू झाला.

"पुनतांब्याहून छगन बोलतोय. मुलगा लई पसंत पडला बगा. आमची सुकन्या बी.कॉम. हाय. मुलाला द्या की जरा."

"मुलगा... मुलगा गोठ्यात गेलाय," मुलगा म्हणाला.

जयमाला पिठाच्या हातानंच आली, तिनं एकदा पडद्याकडं आणि एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि फोन काढून घेतला.

"मी मुलाची वहिनी बोलते. नजरचुकीनं थोरल्याचा जुना बायोडाटा पडलाय. नवरदेव धाकला, अमृत. सोताचा टेम्पो हाय त्याचा. त्याचं खरं काय ते आत्ता धाडते."

भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"व्हय का? आवो, थोरला एवढा गुनाचा, मंग धाकलाबी तसाच आसंल की. येतो रविवारी!"

फोन ठेवला गेला तसे भाऊसाहेब मटकन खाली बसले. "वाचिवलंस बाई. आगं, मी नुसती टेस्ट केल्ती."

जयमाला बायोडाटा मोठा करून वाचत होती. 'निर्व्यसनी'पाशी ती थांबली आणि तिनं नवऱ्याच्या खिशातून डोकावणाऱ्या तंबाखूच्या पुडीकडं पाहिलं. मग ती 'स्वभाव शांत'पर्यंत आली.

"मंजी माज्या बापाला ह्योच धाडला तवाबी टेस्टच केल्ती म्हना," ती म्हणाली. "आन् मी खरं धरून नांदायला आले."