उलटी धार

“बाबा, सगळ्यात चांगला दगड कोणता हो?”

शनिवारी भर दुपारी, बाबांच्या मासळीच्या खाणावळीत गिऱ्हाईक बसलेलं असताना चिगुसाने हे विचारलं. मैत्रिणींनी पैजच लावली होती तशी. साकाई हे जपानमधलं सुऱ्या बनवणारं गाव. धार लावायच्या दगडाबद्दल इथे प्रत्येक पुरुषाला मत असतं, आणि ते पूर्ण ऐकवल्याशिवाय तो घरी जात नाही. पैज लावणाऱ्या काचेबाहेर उभ्या राहून खिदळत होत्या.

भात उपसणाऱ्या आईने नुसते डोळे मिटले. “आजच सुचलं तुला? संध्याकाळी घरमालकीणबाईंचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस. मासळीची तबकं जायचीयत ना गं!”

खरं तर चिगुसाला दगडात काडीचा रस नव्हता. तिला मासळी कापायची होती. पण ती डावखुरी, आणि कच्च्या मासळीचे काप करायच्या सुरीला एकाच अंगाने धार असते, उजव्या हाताच्या माणसाच्या सोयीने. “आधी उजवा हात वळव, मग सुरी माग,” एवढंच बाबांचं उत्तर. गेलं वर्षभर तेच.

आत्ता मात्र बाबा खुलले. “दगड तीन. खरखरीत, मधला आणि शेवटचा मऊ. पण खरा जीव ओतायचा तो मधल्यावर.”

“मधल्यावर?” सेगावा सुतारांनी सूपचा वाडगा खाली ठेवला. “अहो गेनपेई, पायाच कच्चा राहिला तर मधला काय डोंबल करणार? थांबा, माझा खरखरीत आणतो.”

“रंधा परजायचाय का मासळी कापायचीय?” शेजारचे कुरोइवा न्हावी हसले. “धार म्हणजे काय ते वस्तऱ्याला विचारा. मीपण आणतो माझा.”

दोघे गेले. ते परत येऊ नयेत असं आईला फार वाटत होतं. ते आले.

शेजाऱ्याला तोंडावर ‘नको’ म्हणायची त्या गल्लीत रीत नव्हती. बाबा कसनुसं हसत म्हणाले, “वा! बघा की लावून!” मग सेगावाकाकांनी बाबांची मासळी कापायची लांब सुरी खरखरीत दगडावर अशी रेटली की दुकानभर दात शिवशिवले. “कललीय, कललीय,” म्हणत कुरोइवाकाकांनी ती काढून घेतली आणि मन लावून सरळ करायला बसले. मोकळे हात स्वस्थ बसेनात म्हणून सेगावाकाकांनी राखीव सुरी ओढली. आई एकेका गिऱ्हाइकापुढे वाकून माफी मागत राहिली.

अखेर बाबांनी माशाचा पहिला काप काढला. तो पाचरीसारखा निघाला. दुसऱ्याला तर सुरी निम्म्यातच तिरकी पळाली.

बाबांनी सुरी उजेडात धरली. “कुरोइवा, धार पलीकडच्या अंगाला कशी आली? तुम्ही डावखुरे आहात?”

“जन्मापासून. का हो?”

“राखीव सुरी द्या.”

“तिला थोडे दाते आलेत,” सेगावाकाका पुटपुटले. मग दोघांनाही एकदम आपापली दुकानं उघडी टाकल्याचं आठवलं.

बाबा स्टुलावर बसले. “ही पुन्हा उजवी करायची तर उद्या उजाडेल.”

“बाईंना कळवते,” आई म्हणाली. तिच्यात रागवायचंही त्राण नव्हतं. “पुढच्या ऑर्डरी काय आता येत नाहीत.”

चिगुसाने हात धुतले, सुरी डाव्या हातात घेतली आणि एका दमात मागे ओढली. काप अलगद आडवा झाला. पातळ, सरळ, काचेसारखा चकचकीत.

बाबांनी तो काप उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, “पुन्हा काप.”

तिने पुन्हा कापला. मग आणखी एक. आईने फोन खाली ठेवला आणि तबकं पुसायला घेतली. बाबा शेजारी उभे राहून निमूट मुळा किसत होते. मध्येच एकदा म्हणाले, “मनगट सैल सोड.” उजव्या हाताचं नाव काढलं नाही.

तबकं वेळेवर गेली. आईबाबा भिंतीला टेकून बसले. चहा निवत होता, पण पेला उचलायला कुणी हात पुढे करेना.

“उद्या पहाटे उठून ती सुरी…” बाबांनी जांभईतच सुरुवात केली.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” चिगुसा म्हणाली. “सुरीला कुणी हात लावायचा नाही. उद्या दुकान मी उघडणार, आणि तुम्ही दोघांनी झोपायचं.”