दोन दिवसांचं कपाट

टेलरमास्तरांच्या बायकोला जाऊन तीन महिने होत आले होते, तेव्हा वरच्या मजल्यावरचे हक्कवाले दारात येऊन म्हणाले, "मास्तर, हक्कानं सांगतोय. घराला रंग काढलाय. दोन दिवस आमचं कपाट तुमच्याकडे ठेवायचंय."

हक्कवाले पोस्टात कामाला होते. मास्तरांनी त्यांच्या दोन पँटी आखूड करून दिल्या होत्या, ओळख तेवढीच. पण हक्कानं सांगायची त्यांना इतकी सवय, की सगळी इमारत त्यांना त्याच नावानं ओळखायची.

मास्तरांना नाही म्हणता येत नसे. इतकी वर्षं ते 'घरात विचारून सांगतो' म्हणत आले होते, आणि नकार घरातून येई. सवयीनं ते आताही तेच म्हणाले.

हक्कवाले हळू आवाजात म्हणाले, "विचारायला आता आहे कोण, मास्तर?"

अर्ध्या तासात कपाट आलं.

लोखंडी, तीन दारांचं, मधोमध मोठा आरसा. बाहेरच्या खोलीत शिलाईमशीन आणि कापड बेतायचं टेबल, त्यामुळे ते आतल्या खोलीतच मावलं, आणि तेही नेमकं बायकोच्या कपाटासमोर. तिच्या कपाटाचं दार चार बोटं उघडेल एवढीच जागा उरली.

मास्तर रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी ते दार उघडत. आत तिचे कपडे होते. काही करायचं नसे. उभं राहायचं, एक श्वास घ्यायचा, दार लावून कामाला लागायचं. बाकी घरातून तिचा वास केव्हाच गेला होता, तेवढा त्या कपाटात राहिला होता. आता फटीला नाक लावून उभं राहावं लागे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बेल वाजली. हक्कवाल्यांना शर्ट हवा होता. पुन्हा वाजली, मोजे राहिले होते. तिसऱ्या दिवशी ते दाढीचं सामान घेऊनच आले. "आरसा इथं आणि मी तिथं, कसं जमायचं?" इस्त्री तर मास्तरांची गरमच असे. हक्कवाल्यांच्या आईची औषधं कपाटाच्या खणात होती, त्यामुळे त्यांची बायको, म्हणजे मास्तरांच्या वहिनी, दिवसातून तीनदा येत. रंगारी एक भिंत रंगवून दुसऱ्या कामावर निघून गेला होता.

एकदा मास्तर बटणं आणायला गेले असताना गिऱ्हाईक आलं. आत बनियनवर उभा असलेला माणूस मास्तरच असणार असं समजून त्यानं कोट काखेत काचतो म्हणून तक्रार केली. "उद्या सैल करून देतो," हक्कवाले म्हणाले. "हक्कानं या!" दुसऱ्या दिवशी तो माणूस हक्कानं आला आणि मास्तरांवर ओरडून गेला.

मोठ्या बहिणीचा फोन आला. "अरे, घालव त्यांना! नाहीतर मी येते."

"नको गं आक्का. झोपायला जागा नाहीये."

चोविसाव्या दिवशी मास्तरांनी फटीला नाक लावलं आणि त्यांना एकामागून एक सहा शिंका आल्या. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तेवढ्यात वहिनी औषधं न्यायला आल्या.

"वहिनी, इथं काही सांडलं का?"

"सांडलं नाही हो, मीच टाकल्या. डांबराच्या गोळ्या. आमच्यात टाकल्या, म्हटलं तुमच्यातही टाकाव्यात. फटीतून चांगल्या मूठभर सोडल्या. एवढे चांगले कपडे, कसर लागली असती की!" त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. कधीतरी उपकार फेडायचेच होते.

मास्तर जिना चढून वर गेले. हक्कवाले चहा पीत होते.

"कपाट न्या."

"नेऊ की. रविवारी..."

"आत्ता."

"अहो, रंग व्हायचाय!"

"रंग तुमच्या घराचा. खोली माझी."

"मास्तर, हे तुम्ही बोलताय?" हक्कवाले उठून उभे राहिले. "शेजारधर्म म्हणून काही..."

"मीच बोलतोय. यापुढे काही ठेवायचं झालं तर मला विचारू नका. विचारलंत, तर नाही म्हणेन."

नाही म्हणताना आवाज थोडा चिरकला, पण म्हणून झालं.

हक्कवाल्यांचं तोंड उतरलं. "बरं. नेतो. पण माझ्या एकट्याच्यानं उचलणार कसं?" आणि मग, जिभेला वळणच पडलेलं, "जरा हात लावा की, हक्कानं!"

जड बाजू मास्तरांनी उचलली. प्रत्येक पायरीवर हक्कवाले "माझ्या कमरेकडे बघा" म्हणत होते.

मास्तर घामाघूम होऊन खाली आले तेव्हा बायकोचं कपाट सताड उघडं होतं. वहिनी खाली बसून घड्यांमधून गोळ्या वेचत होत्या. काय झालंय ते त्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं.

"मी सगळे कपडे गच्चीवर उन्हात टाकते, मास्तर. संध्याकाळपर्यंत वास जाईल."

"नको, वहिनी. दोन्ही जातील."

"दोन्ही?"

मास्तरांनी वरची घडी सारखी केली आणि दार लावलं.

वहिनी मुठीत गोळ्या घेऊन उभ्या राहिल्या. त्या कुठं ठेवू, हे त्यांनी विचारलं नाही. मूठ तशीच मिटून त्या हळूहळू जिना चढून गेल्या.