चौलकरकाकांचे पणजोबा

रूबेनकाका चौलकरांचा फोटो काढायचा असेल तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते.

"कायले पायजे फोटो? कोणाले दाखवसान? अन् खाली काय लिवसान?"

हे तीन प्रश्न त्यांनी बँकेतल्या मुलीला विचारलेत, चांदूर बाजारच्या एका लग्नात व्हिडिओवाल्याला विचारलेत. आमच्या अपार्टमेंटच्या गणपतीत सगळे ग्रुप फोटोसाठी दात काढून उभे राहिले, तर काका मधल्या खुर्चीवरून उठले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, खाली 'समस्त रहिवासी' लिहू."

"समस्त कोन? मले नाव हाये ना बाप्पा!"

चौतीस जणांची यादी होईपर्यंत दोन लहान मुलं रडायला लागली. फोटोत सगळे वैतागलेले आहेत आणि काका एकटे समाधानी.

काका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले, काकू गेल्याला सहा वर्षं झाली, मुलगी लग्न करून इस्रायलला. दाराच्या चौकटीवर प्रार्थनेचा कागद असलेली एक तिरपी डबी ठोकलेली आहे. तिला दर नवा कुरिअरवाला बेल समजून दाबतो. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. काकांचे वडील नोकरीनिमित्त अकोल्याला आले आणि काकांची जीभ पक्की वऱ्हाडी झाली. शनिवारी काका अजूनही कामाला हात लावत नाहीत. काळजी मात्र करतात, आणि ती दुप्पट करतात, कारण त्या दिवशी दुसरं काहीच करायचं नसतं.

फोटोची ही खोड मात्र जुनी नाही. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून एक संशोधक मुलगी त्यांच्याकडं आली होती. परदेशातल्या एका संग्रहालयात हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे जुने फोटो आहेत. त्यातल्या एकाचा प्रिंट ती काकांना देऊन गेली. स्टुडिओतला फोटो. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर कसलीशी विलायती झाडं, पुढं खुर्चीवर पागोटं घातलेला माणूस, शेजारी उभी बायको. खाली इंग्रजीत एवढंच, की बेने इस्राएल, पुरुष व स्त्री, मुंबई इलाखा. आणि एक नंबर.

काका तो कागद घेऊन माझ्याकडं आले. "ताई, हे माये पणजोबा."

"कशावरून?"

"करंगळी पाहा. घाण्यात गेली होती अर्धी. माया आजा सांगे."

गुडघ्यावरच्या उजव्या हाताची करंगळी खरंच आखूड दिसत होती. मग काकांनी बुटांच्या मागं बोट नेलं. तिथं लोखंडी स्टँडचा पाय दिसत होता. तेव्हा फोटोला वेळ लागे, म्हणून डोकं हलू नये यासाठी मागून असा आधार देत. "याले पकडून बसवलं, ताई. डोळे पाहा, कसा भेला हाये. अन् नाव नाई विचारलं कोनी."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्यामुळं संग्रहालयाला मेल लिहिणं माझ्याकडं आलं. मोठा, स्वच्छ फोटो पाठवा, नाव आम्ही देतो, असं लिहिलं आणि माझ्या घराची झोप उडाली. काका सकाळी सातला दारात. "आलं का?" दुपारी लायब्ररीत फोन. "आलं का?" तिकडं सुट्टी असेल म्हटलं, तर "तिकडं कोनाले काई झालं तं नसंन?" एकदा अंजनगावला भाचीकडं गेले आणि त्याच दिवशी परतले, मधेच मेल आलं तर काय म्हणून. मला वाटायचं, एवढा जीव टांगणीला लावण्यासारखं यात आहे तरी काय?

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून लायब्ररीत आले, माझ्या खुर्चीशेजारी बसले. मी फोटो उघडला आणि त्या हाताचा भाग मोठा केला.

करंगळी पूर्ण होती. टोक धोतराच्या चुणीत दडलं होतं. त्यावर नखसुद्धा दिसत होतं.

काका पुष्कळ वेळ त्या नखाकडं पाहत राहिले. मी म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका."

"पणजोबाचं नाई ताई. आता नोआले काय सांगू?"

नोआ म्हणजे त्यांची नात, नऊ वर्षांची. तिला मराठी येत नाही, काकांना हिब्रू प्रार्थनेपुरती. मुलगी फोन लावायची तेव्हा ती "शालोम, सबा" म्हणून पळून जायची. सबा म्हणजे आजोबा. काकांनी मुलीला फोटो पाठवून घाण्याची गोष्ट सांगितली, आणि त्या दिवसापासून पोरगी रोज संध्याकाळी स्वतः व्हिडिओ कॉल करत होती. रक्त किती आलं? बैलाला कळलं का? बोट पुढं कुठं गेलं? आई मधे बसून दोघांची भाषा जुळवायची.

मला राहवलं नाही. "तिला सांगूच नका. कोणाला कळतंय?"

काकांनी मान हलवली. "मंग ते पोट्टी परक्याले आपला म्हनंन. अन् याची खरी नातवंडं कुठी असतीन, त्याहीनं काय करावं?" मग म्हणाले, "त्या साहेबाले लिवा, हे आमचे नाईत, पन कोनाचे तरी हायेत. शोध सोडू नका."

मी मेल पाठवलं. उठताना ते अडखळत म्हणाले, "संध्याकाळी तुमी येसान का? बसा फक्त."

संध्याकाळी गेले. ओट्याशेजारी छोटं टेबल, त्यावर एकच ताट, भात आणि आमटी. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला. कॉल लागला, मी मोबाइलमध्ये दिसणार नाही अशी बाजूला बसले. काकांनी सगळं सांगितलं, नखासकट. मुलीनं ते हिब्रूत सांगितलं. काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मग नोआ काहीतरी बोलली. मुलीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग काकांकडं. "पप्पा, ती म्हणते, ठीक आहे. पण ती विचारते, सबा रोज एकटेच जेवतात का?"

"नाई नाई!" काका घाईघाईनं म्हणाले. "समोरच्या ताई असतात ना रोज."

अकरा वर्षांच्या शेजारात मी त्या घरी चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. काका माझ्याकडं पाहत नव्हते. मी मांडणीवरून एक ताट काढलं, मोबाइलमध्ये दिसेल अशी त्यांच्या शेजारी बसले.

"वाढा काका," मी म्हणाले.