वॉरंटीतले दौलतसिंग

गेलेला माणूस परत येत नाही, यावर सर्व धर्मांचं आणि विमा कंपन्यांचं एकमत आहे. केनवडचे दौलतसिंग मात्र जाऊन तीन वर्षं झाल्यावर, भर एप्रिलमध्ये परत आले. आले तेही वॉरंटीच्या मुदतीत, म्हणून प्रकरण वाढलं.

निमित्त पलंगाचं. त्यांची सून उज्ज्वला गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. त्या कमाईतून तिनं रिसोडच्या गोपीचंद यांच्या दुकानातून हायड्रॉलिक पलंग घेतला. पायाकडची कडी ओढली की वरची फळी गॅस भरलेल्या दोन नळ्यांच्या जोरावर उचलली जाते आणि खालच्या पेटीत घरभराच्या गोधड्या मावतात. सासरी आल्यापासून घरात आलेली प्रत्येक वस्तू सासऱ्यांनी नाहीतर नवऱ्यानं निवडलेली. ही पहिली तिनं निवडलेली, रंगासकट.

दुकानानं दोन फिटर पाठवले. जोडणी झाल्यावर फळी खाली बसेना, तेव्हा त्यातल्या एकानं तिच्यावर उडी मारली. फळी बसली, तिला खाली धरून ठेवणारं आतलं लॉक तुटलं आणि कोपऱ्याचा सनमायका निघाला. नवीन मालाचं असंच असतं, वापरानं बसतो, असं सांगून दोघं चहा पिऊन गेले.

तुटलेलं लॉक घेऊन उज्ज्वला रिसोडला गेली. गोपीचंदनं ते तळहातावर ठेवून बराच वेळ, सोनार बघतो तसं बघितलं. पलंग आमचा आहे, फिटर आमचे नाहीत, ते ठेक्यावरचे आहेत, असं तो म्हणाला. ठेकेदाराला फोन लावला तर तो म्हणाला, माल दुकानाचा कच्चा. फिटरचा फोन बंद होता.

एप्रिलात ऊन चढलं. आतल्या खोलीवर टिनं आहेत. दुपारी बारानंतर केनवडच्या गल्लीत कुत्रंही दिसत नाही, सावल्या पायाखाली घुसतात, आणि तापलेली टिनं कुणीतरी वर चालत असल्यासारखी टकटक वाजतात. अशाच एका दुपारी उज्ज्वलाच्या सासूबाई चंदाबाई पलंगाशेजारी जमिनीवर आडव्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. पलंगानं एक लांब सुस्कारा सोडला. मग त्याची पायाकडची बाजू, कुणी हात न लावता, सावकाश वर उठली आणि तशीच थांबली. आत अंधार होता आणि गोधड्यांचा वास.

दौलतसिंगांना कंबरदुखी होती. दुपारची झोप झाली की ते आधी सुस्कारा सोडत, मग दोन्ही पाय वर करत आणि मगच कुशीवर वळून उठत. चंदाबाईंनी हे चाळीस वर्षं पाहिलं होतं. त्या घाबरल्या नाहीत. पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाल्या, "आले का?"

दिवस कलला तसा पलंग हळूहळू खाली आला. दौलतसिंगही त्याच वेळेला पारावर जात असत.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या बाया दारातून डोकावून जाऊ लागल्या. गल्लीतून जाताना लोक आवाज खाली घेऊ लागले. राजपाल, म्हणजे उज्ज्वलाचा नवरा, बापाच्या धाकात वाढलेला. तो दुपारी घरी जेवायला येईनासा झाला, शेतातच डबा मागवू लागला.

"लॉक तुटलं आहे म्हनून उठते तो," उज्ज्वला त्याला समजावून दमली.

"बराबर आहे तुयं," राजपाल म्हणाला. "पन लॉक सुस्कारा टाकत नाही."

उज्ज्वलानं पलंग उठतानाचा व्हिडिओ काढून गोपीचंदला पाठवला. चित्र स्पष्ट होतं: रिकामी खोली, रिकामा पलंग, फळी वर येते आहे. घोटाळा आवाजानं केला. मागून चंदाबाई कौतुकानं म्हणत होत्या, "पाय वर केले पाहा. आता पानी मांगतीन."

गोपीचंदचा उलटा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज फार नम्र झाला होता.

"ताई, आमची वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची आहे. तुमचे सासरे आमच्या कारखान्यात बनले नाईत."

"दादा, तुमच्या मानसानं उडी मारून लॉक तोडलं."

"मंग ते बिना लॉकचे पलंग सगळ्याईकडे काहून नाई उठत? तुमाईच्याच घरी काहून?"

उज्ज्वलानं फोन ठेवला. तिनं ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाईनं सांगितलं की दुकानदारानं पाठवलेला फिटर ठेक्यावरचा असो की पगारावरचा, त्यानं केलेल्या नुकसानीला दुकानदारच जबाबदार. उज्ज्वलानं हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं आणि पाठ केलं. मग वाशिमला ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

गोपीचंदनं वकील लावला. लेखी उत्तरात त्यानं फिटरच्या उडीचा उल्लेखही केला नाही. तक्रारदाराच्या स्वतःच्या व्हिडिओवरून असं दिसतं, की सदर पलंग तक्रारदाराचे दिवंगत सासरे नियमित वापरतात. कुटुंबीयांच्या वापरामुळे झालेल्या नुकसानीस दुकान जबाबदार नाही. सुशिक्षित वकिलानं भूत मान्य केलं होतं. उज्ज्वला सातवी पास. भूत नाही हे सिद्ध करायचं काम तिच्याकडे आलं. आणि भुताची एकमेव साक्षीदार तिची सासू होती, जी तीन वर्षांनी पहिल्यांदाच वेळेवर जेवत होती.

तारखेच्या आधी गोपीचंदनंच तडजोड सुचवली. मंगळवारी तो फिटरला घेऊन केनवडला येईल. त्याच्या डोळ्यांदेखत पलंग उठला तर नवा पलंग देईल, नाही उठला तर उज्ज्वलानं तक्रार मागे घ्यायची. उज्ज्वला लगेच हो म्हणाली. पलंगानं एक दिवस चुकवला नव्हता.

तिला भीती फक्त सासूच्या तोंडाची होती.

"आई, मंगळवारी तुमी काईच बोलू नोका."

"मी कायले बोलू? ते सोताच उठतीन."

मंगळवारी चंदाबाई शब्दाला जागल्या. बोलल्या काहीच नाहीत. पण परके लोक येणार, त्यांच्यासमोर अशा उकाड्यात म्हाताऱ्यानं उठायचं, हे त्यांना बरं वाटेना. सकाळीच राजपालकरवी त्यांनी बैठकीतला कूलर आतल्या खोलीच्या खिडकीला लावून घेतला आणि स्वतः चार बादल्या पाणी ओतलं. पाहुण्यांसाठीच आहे असं वाटून उज्ज्वलाही काही बोलली नाही.

बारा वाजले. गोपीचंद खुर्चीवर, फिटर दारात, राजपाल दाराबाहेर. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला होता. पलंग गप्प पडून होता.

एक वाजला. गोपीचंदनं फळीवर टिचकी मारून बघितली. तक्रार मागे घेतल्याचा कागद आणि खिशातला पेन काढला. मग चंदाबाईंना राहवलं नाही.

"झोपू द्या," त्या कुजबुजल्या. "इतक्या दिवसानं गार वाटून राह्यलं त्याईले."

उज्ज्वलानं कूलरकडे पाहिलं, टिनांकडे पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं. तिला सगळं एकदम कळलं: टिनं तापून खोली भट्टी झाली की नळ्यांतला गॅस फुगतो, आणि आज खोली गार होती.

"कूलर बंद करा," ती म्हणाली.

"राहू द्या ना ताई," गोपीचंद म्हणाला. "आमालेबी गार वाटून राह्यलं."

"बंद करू नोको वो," चंदाबाई म्हणाल्या. सुनेकडे त्यांनी असं पाहिलं, की उज्ज्वलाचा बटणाकडे गेलेला हात मागे आला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि सहीसाठी पेन घेतला.

तेवढ्यात लाइन गेली.

कूलर थांबला, तशी खोलीत फार शांतता झाली. वर टिनं टकटक वाजू लागली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. वाळ्याचा वास विरला. गोपीचंदच्या मानेवरून घाम निघाला, पण उठून जायचं त्याला सुचलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या गुडघ्याजवळ कुणीतरी लांब सुस्कारा सोडला, आणि पायाकडची बाजू सावकाश वर उठली.

फिटर दारात नव्हता. त्याची मोटारसायकल गल्लीच्या टोकाला ऐकू आली.

"तुमीच पाहा दादा, लॉक नाई म्हनून..." उज्ज्वलानं सुरुवात केली.

गोपीचंदचं लक्ष नव्हतं. तो खुर्चीवरून खाली बसला होता आणि त्यानं पलंगापुढे हात जोडले होते. "बाबूजी, नवीन देतो," तो म्हणाला.

"पानी द्या त्याईले," चंदाबाई म्हणाल्या. त्यानं दिलं.

गुरुवारी नवा पलंग आला. टेम्पोवाल्यानं खोकी फाटकाशी उतरवली आणि पावतीही न मागता गाडी वळवली. जुना पलंग परत न्यायला हमाल मिळाला नाही. चंदाबाईंनी नेऊही दिला नसता. जूनमध्ये हवा गार झाली आणि पलंग उठायचा थांबला. पेरणीला गेले असतील, असं चंदाबाईंचं म्हणणं आहे.

रिसोडचा एकही फिटर केनवडला यायला तयार नाही. नवा पलंग बैठकीत खोक्यातच आहे. उज्ज्वला आणि राजपाल त्या खोक्यांवर गादी टाकून झोपतात.