नमुनेरावांची जीभ पुन्हा तख्ती बसली त्याची हकीकत

पृथ्वीवरील मोठमोठी राज्ये तलवारीने गेली, कित्येक फितुरीने गेली, कित्येक वारसांच्या तंट्यात धुळीस मिळाली आणि त्यांवर कवने जाहली; नमुनेरावांचे राज्य मात्र वयाच्या साठाव्या वर्षी, मंगळवारी सायंकाळी साडेपाच वाजता, भिंतीवर लावायचे एक घड्याळ हाती देऊन खालसा करण्यात आले, आणि ते घड्याळही दहा मिनिटे मागे होते.

हे नमुनेराव म्हणजे शहराच्या पाणीखात्यातले चव-तपासनीस. मूळ नाव निराळे. परंतु एकतीस वर्षे पाण्याचे नमुने चाखता चाखता खात्यातील मंडळींनी हा किताब बहाल केला, तो घरापर्यंत पोचला आणि कायम जाहला. रोज प्रातःकाळी सात टाक्यांचे सात पेले हुजुरांपुढे मांडले जात. मग थंडीत दोष लपतो म्हणून प्रत्येक नमुना कोमट करावा, आणि आधी रिकाम्या पेल्याचा वास घ्यावा, मग भरल्याचा, आणि मग घोट जिभेवर फिरवून, न गिळता, मोरीत सोडावा, ऐसा शिरस्ता होता. त्याउपर छापील तक्त्यात रंग, वास, चव आणि गाळ या चार रकान्यांत दस्तुरखुद्द शेरा पडे. यातले काहीच नसले तर ‘निर्दोष’. काहीही असले तर ‘आक्षेपार्ह’. एके दिवशी उत्तरेकडील टाकीच्या पाण्यात खाशा जिभेस ओल्या पुठ्ठ्याचा संशय आला, आणि तिसऱ्या मिनिटास झडपा बंद होऊन निम्म्या शहराचे नळ कोरडे पडले, आणि मुख्य अभियंता दोन पायांत दोन निराळ्या चपला घालून धावत आला, आणि टाकीत खरेच कोणा गवंड्याचा विसरलेला खोका निघाला. ऐसा त्या जिभेचा दरारा.

मग त्या गादीवर एक यंत्र बसले. यंत्रास पगार नव्हता, रजा नव्हती आणि मत तर नव्हतेच, म्हणून साहेबलोक त्यावर बहुत खूश जाहले.

अंमल कचेरीतून उठला तो घरातूनही उठला. नमुनेरावांपुढे चहा ठेवला जाई तो कसा झाला हे पुसण्यास नव्हे, गार होतो आहे हे कळविण्यास. भाजीत मीठ कमी की जास्त, याचा निवाडा सूनबाई करीत. सूनबाई इस्पितळात क्ष-किरण काढण्याच्या कामावर, त्यामुळे माणसाच्या आरपार पाहण्याची सवय. परंतु सासऱ्याकडे पाहण्याचे कारण त्यांनाही पडले नव्हते. दोन वर्षे लोटली. त्या दोन वर्षांत “तुम्हाला काय वाटतं?” हे तीन शब्द नमुनेरावांच्या कानी पडले नाहीत, आणि सरकारांनी ही गोष्ट मनास फार लावून घेतली, परंतु मुखाने कोठे बोलले नाहीत.

ऐशा समयी एका रविवारी दुपारी नमुनेरावांच्या बाईसाहेबांचे धाकटे बंधू घरावर चालून आले. हे टायरच्या दुकानाचे व्यवस्थापक, वय वर्षे एकावन्न, आणि घरात अद्याप ‘छोट्या’. यांनी कोणा हॉटेलाच्या सभागृहात तीन दिवस पेयपारखीचा अभ्यासक्रम केला होता, आणि तेथून ‘रसज्ञ, प्रथम श्रेणी’ ऐसा पितळी बिल्ला मिळविला होता. द्वितीय श्रेणी कोणास मिळाल्याचे ऐकिवात नाही. सोबत सरंजाम येणेप्रमाणे: मखमली अस्तराच्या पेटीत स्वतःचा खाशा बैठकीचा पेला, जो ते कोणास शिवू देत नसत आणि स्वहस्तेच धूत, शिवाय चवींची नावे छापलेले एक गोल पुठ्ठ्याचे चक्र, आणि जाड काचेची, काळी, बुचास तारेचा पिंजरा घातलेली एक बाटली. बाटलीत बेल्जियन धाटणीची कडक काळी एल. बिअरच्याच कुळातील, परंतु थोरल्या पातीची, आणि पाठीवर लिहिले होते, साडेदहा टक्के.

आल्या पावली छोट्यासाहेबांनी फर्मान सोडले की बाटली बर्फाच्या कप्प्यात दीड तास नजरकैदेत ठेवावी. त्याप्रमाणे जाहले. मग त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि पेटीतला पेला स्वहस्ते घासला, आणि स्वतःच्या पंच्याने पुसला, आणि उजेडापुढे धरून त्याकडे ऐसे पाहिले की जणू लेकाचा निकाल पाहताहेत. सूनबाईंनी घरचे दोन पेले काढले. दोनच. तेव्हा नमुनेराव खुर्चीतून वदले:

“मलाही एक.”

त्यावर छोट्यासाहेब हसले, ते हसणे या सर्व रणाचे मूळ.

“भावोजी, रागावू नका हं. पण तुमचं अख्खं आयुष्य कशाला चव नाही हे बघण्यात गेलं. हे जरा तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे.”

बाईसाहेब “अरे छोट्या!” म्हणाल्या, परंतु म्हणता म्हणता त्यांनाही हसू फुटले, आणि ते हसू नमुनेरावांस भाल्यासारखे लागले. ज्या जिभेने शहर बंद पाडले तिची ऐशी संभावना! सरकार उठले, मांडणीवरून चौथा पेला काढला, गरम पाण्याने तीनदा विसळला, रिकाम्या पेल्यात नाक घालून खात्री केली आणि मंडळीत येऊन बसले. येथून युद्धास तोंड लागले.

बुचाच्या किल्ल्यास प्रथम वेढा पडला. छोट्यासाहेबांनी तारेचा पिंजरा उकलला आणि आतला दाब तोफेइतका असतो ऐसा इशारा दिला. तेव्हा बाईसाहेब उशीआड गेल्या, सूनबाई दाराआड गेल्या, आणि घरातील काचेचा दिवा वाचावा म्हणून तो हाताने झाकण्यात आला. पिळता पिळता छोट्यासाहेबांचे कान तांबडे जाहले. अखेर बूच “फुस्स” ऐसा शब्द करून शरण आले आणि गालिच्यावर पडून राहिले. गारठ्याने किल्लेदारात जीवच उरला नव्हता.

पेले भरले. चौथाई बाटली राखीव ठेवली. प्रत्येक पेल्यावर बदामी फेसाचे निशाण चढले. छोट्यासाहेबांच्या पेल्यावरही चढले, परंतु लगोलग खाली बसले. त्याची दखल कोणी घेतली नाही. एका इसमाने घेतली, तो गप्प राहिला.

मग नमुनेरावांनी पेला उजेडात धरला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने मुखातून शेरे पडू लागले. रंग, आक्षेपार्ह. वास, आहे, सबब आक्षेपार्ह. गाळ, तरंगतो आहे, सबब बहुत आक्षेपार्ह. चौथ्या रकान्याकरिता घोट घेतला तो बर्फाहून गार. जीभ बधिर होऊन गेली. आणि सरकार शिरस्त्याप्रमाणे तडक उठून मोरीपाशी गेले आणि तो घोट मोरीत सोडून परत आले.

छोट्यासाहेबांचे हास्य बाहेरच्या जिन्यापर्यंत गेले.

“ताई, थुंकले! अगं, लोक बाटली मिळावी म्हणून सहा महिने थांबतात, आणि भावोजी थुंकले!”

“अहो, निदान पाहुण्यासमोर तरी...” बाईसाहेब.

“बाबा, नको असेल तर राहू द्या ना,” सूनबाई म्हणाल्या, आणि मायेने म्हणाल्या, म्हणून ते अधिक झोंबले.

ऐशी पहिली लढाई नमुनेरावांनी गमाविली. गनिमास चेव आला. छोट्यासाहेबांनी चक्र मांडीवर घेतले, घुटका घेतला, डोळे मिटले, आणि त्या हिमगार पेयात एकामागून एक चौदा चवी हुडकून काढल्या: जुन्या पुस्तकाचे चामडे, पावसाळी लाकूड, चॉकलेटची आठवण, आणि सर्वांवर कडी म्हणजे “दूरच्या बागेतल्या लिंबाच्या सालीची झुळूक”.

“येतेय ना झुळूक?” ऐसा त्यांनी आपला पेला पुढे करून, वास देऊन, कौल मागितला.

बाईसाहेब हुंगून म्हणाल्या, “हो रे, लिंबू आहे खरं.” सूनबाईंचे दात गारठ्याने ठणकत होते; त्यांस आपल्या पेल्यात दातदुखीखेरीज कसलीच चव लागली नव्हती; तरी त्यांनीही मान हलविली. बिल्ला पितळेचा होता, परंतु माना खऱ्या हलल्या. अखबारांत, सभांत आणि इस्पितळांत ज्या माना हलतात त्याही याच जातीच्या, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

नमुनेरावांनी दुसरी मसलत केली. पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि अंड्यावर कोंबडी बसावी तैसे त्यावर बसून राहिले. अर्धा तास गेला. छोट्यासाहेबांनी त्या अवधीत प्रथम श्रेणी कशी मिळाली ते सांगितले, आणि दुसऱ्यांदा सांगितले, आणि मग टायरमधील हवेचा आणि फेसाचा संबंध उलगडला. इकडे काच निवळली, पेल्यावरचा घाम वाळला, आणि पेल्यातून हळूहळू कोणी बोलू लागले. सरकारांनी नाक घातले. थबकले. पुन्हा घातले. मग घोट घेतला, जिभेवर फिरविला, गालांत फिरविला, आणि सर्वांचे डोळे मोरीच्या वाटेकडे लागले.

नमुनेराव उठले नाहीत. एकतीस वर्षांत प्रथमच नमुना पोटात गेला.

“करपवलेली साखर,” ते डोळे उघडे ठेवून म्हणाले. “खजूर. काळ्या मनुका. पावाची भाजलेली कड. लवंग घातलेली नाही, पण लवंगेचं कोणीतरी येऊन गेलंय. गोड वाटतं, पण शेवटी कोरडं होतं. आणि मग इथे,” त्यांनी छातीवर बोट ठेविले, “कोणी शेगडी पेटवून ठेवावी तसं.”

थोडे थांबून त्यांनी आपलाच शेरा फिरविला, जे पाणीखात्याच्या इतिहासात कधी घडले नव्हते. “गाळही हिचाच आहे. बाहेरून आलेला नाही. निर्दोष.”

सूनबाईंनी तात्काळ आपला पेला तळव्यांत धरला, पदर गुंडाळून त्यास ऊब दिली, आणि काही वेळाने चाखून किंचाळल्या, “अय्या, खजूर! आई, खरंच खजूर! मगाशी काहीच लागत नव्हतं हो!”

“मग मगाशी मान कशाला हलवलीस?”

“तुम्ही हलवलीत म्हणून!”

छोट्यासाहेबांनी पाहिले की फौजेत फूट पडते आहे, आणि अखेरचा हल्ला चढविला. “सगळं ठीक. पण लिंबू? लिंबू कुठे गेलं, भावोजी?”

“लिंबू नाही.”

“तुमच्या जिभेला सापडलं नाही म्हणजे नाही होय?”

“आण तुझा पेला.”

खासा पेला कोणाच्या हाती न देण्याचा त्यांचा दंडक. परंतु भर सभेत नाही म्हणणे इभ्रतीस शोभेना. नमुनेरावांनी तो घेतला, एकदाच हुंगला, परत दिला, आणि ज्या आवाजात पूर्वी झडप बंद करण्याचा हुकूम सुटत असे त्याच आवाजात म्हणाले:

“भांड्याचा साबण. मोरीवरची हिरवी बाटली. नीट विसळला नाहीस. म्हणून तुझा फेसही बसला. आमचे बघ, अजून कडेला आहेत.”

सर्वांनी पाहिले. तीन पेल्यांच्या कडेस बदामी कडी शाबूत होती; चौथा पेला टकलासारखा गुळगुळीत. सूनबाई उठल्या, हिरव्या बाटलीचे झाकण उघडून हुंगले, छोट्यासाहेबांचा पेला हुंगला, आणि क्ष-किरणाचा निकाल सांगावा तैशा थंडपणे बोलल्या, “मामा, तीच झुळूक आहे.” मग तो पेला गरम पाण्याने तीनदा विसळण्यात आला, राखीव चौथाई त्यात ओतण्यात आली, आणि फेस उभा राहिला तो बसेचना, आणि लिंबू, जे दूरच्या बागेतून आले होते, ते तितक्याच दूर निघून गेले.

“अभ्यासक्रमात भांडी घासायचा धडा नव्हता,” छोट्यासाहेब पुटपुटले.

“तीन दिवसांत कुठून येणार,” बाईसाहेब म्हणाल्या. “आणि मीही मेली हो म्हणाले! म्हटलं, शिकून आलाय.”

मग गनीम जेरीस येऊन तहास राजी जाहला. कलमे ठरली की कडक काळी एल बर्फाच्या कप्प्यात कोंडू नये, थोडी गार असावी आणि हातात घेऊन जागी करावी; की पेला कोणाचाही असो, आधी रिकामा हुंगावा; की चौदा चवींपैकी लिंबू कायमचे काढून टाकावे आणि बाकीच्या तेरांचा पुरावा मागू नये, कारण माणूस पाहुणा आहे. बिल्ला त्यांजकडेच ठेवण्यात आला, फक्त तो खिशात घालावा. छोट्यासाहेबांनी सर्व कबूल केले, दुसरा पेला मात्र सावकाश, तळव्यांत धरून, चक्राकडे न पाहता प्याले, आणि शेवटी आपणहून म्हणाले, “मनुका आहेत, भावोजी.” त्या दिवसातील त्यांचे हे एकच मत खरे होते, आणि ते त्यांनी बिल्ल्याशिवाय दिले, ही गोष्ट नमूद करणे बखरकारास अवश्य वाटते.

येणेकरून, रविवारी, दिवस मावळण्याआधी, काळ्या बाटलीच्या रणात नमुनेरावांची फत्ते जाहली, मेहुणे नामोहरम जाहले, साबण उघडकीस आला आणि गेलेली जीभ पुन्हा तख्ती बसली. साडेदहा टक्क्यांच्या उबेने सरकारांचे कान जांभळे जाहले होते, छाती पुढे आली होती, आणि आता उभा मुलूख मोठमोठ्या मसलतींत आपला सल्ला पुसण्यास रांग लावील, ऐसे मनात येऊन त्यांनी खुर्चीत बैठक ताठ केली आणि मुद्रा गंभीर धारण केली.

तों सूनबाई स्वयंपाकघरातून पातेले घेऊन आल्या.

“बाबा, हे सकाळचं दूध जरा चाखून सांगता का, तापवू की टाकून देऊ?”