झाकणाला शेंदूर

"झाकणाला तडा गेलाय," असं त्र्यंबक मिस्त्रीने सांगितलं, तेव्हा परशुरामाने इंजिनाकडे न बघता आधी मागच्या पडवीकडे पाहिलं. तिथे ठमाबाई भात कांडत होती. मुसळाचा आवाज मधेच थांबायचा, म्हणजे बायकोचा उजवा खांदा पुन्हा धरला होता.

या खांद्यापायीच तर परशुरामाने हे लचांड बाळकुम गावात आणलं होतं. मुंबईतल्या कुठल्याशा गिरणीने मोडीत काढलेलं वाफेचं इंजिन मिठाच्या होडीत घालून त्याने खाडीतून आणलं, अंगणात छपराखाली बसवलं आणि भात भरडायचं यंत्र त्याला जोडलं. ठमाबाई त्याला धुराडं म्हणायची. "अवो, त्या धुराड्याचा खोकला तेवढा आयकते मी. त्याचा तांदूल कवा खावाचा?" इंजिन सारखं बिघडे आणि मुसळ काही तिच्या हातातून सुटत नसे. परशुरामाला याची मनातून फार लाज वाटे.

मिस्त्री कल्याणला रेल्वेच्या इंजिनांवर काम करणारा, सुट्टीच्या दिवशी यायचा. त्याच्या सांगण्यावरून परशुरामाने परातीएवढं नवं बिडाचं झाकण ओतून आणलं. मिस्त्रीने जवसाच्या तेलात शेंदूर कालवला आणि झाकणाला सढळ हाताने फासला.

"शेंदूर कशाला?" परशुराम चमकला.

"फटीतून वाफ फुटू नये म्हणून. आमच्याकडे सगळ्या इंजिनांना लावतात."

इथवर सगळं ठीक होतं. मग जुना बोल्ट काढताना तो भोकातच तुटला. तसा दुसरा घडवून आणायला मिस्त्री कल्याणला निघाला आणि जाता जाता बजावून गेला, "झाकण सावलीत ठेवा. धूळ नको, ऊन नको, आणि कुणाचा हात लागता कामा नये."

परशुरामाने झाकण अंगणातल्या उंबराच्या बुंध्याशी टेकवून ठेवलं. हातापायांचं तेलकट काढायला अंघोळ केली आणि कोंबड्या हाकलत तो झाकणासमोर मांडी घालून बसला. शेजारची सखुबाई आपली हरवलेली बकरी शोधत आली, ती हे दृश्य पाहून जागीच थबकली.

"अरे परशा, हा कंचा देव?"

"देव नाय गो काकी, इंजिनाचा झाकन हाय. हात नको लावूस!"

"नाय रे बाबा, मी कशाला शिवू?" सखुबाईने लांबूनच एक जास्वंदीचं फूल वाहिलं, हात जोडले आणि वळून बघते तो बकरी छपराच्या मागे उभी!

पुढचं काम सखुबाईच्या तोंडाने केलं. संध्याकाळपर्यंत झाकणापुढे नारळ फुटला, कुणी अक्षता टाकल्या, कुणी नातवाचा खोकला जावा म्हणून नवस बोललं. परशुराम ज्याला त्याला समजावत होता आणि जितकं समजावत होता तितके लोक त्याच्याकडे अधिक आदराने बघत होते. गावात ज्याच्या शब्दाला वजन होतं ते महिपतकाका तर गहिवरून म्हणाले, "देव तुझ्या अंगनात आला, तरी तुला गर्व नाय. म्हनून तर आला."

बोल्ट घेऊन मिस्त्री परत आला तेव्हा झाकणाला हार होते आणि अंगणात माणसं मावत नव्हती. त्याने झाकणाला हात घालताच महिपतकाका आडवे आले.

"देवावर वाफ सोडनार? गावावर कोप झाला तर कोन निस्तरनार?"

झाकण उंबराखाली राहिलं तर इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, आणि ठमाबाईच्या हातातलं मुसळ जन्माचं. रडकुंडीला येऊन परशुरामाने बायकोकडे पाहिलं. ती कांडण टाकून पडवीच्या दारात उभी होती.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "देवाला असा उघड्यावर किती दिवस ठेवाचा? त्याचा देऊल आमी कवाचा बांधलाय. वर छप्पर हाय, म्होरं आग हाय, धूप तर दिवसभर जलतोय. तिथंच बसवा."

काका विचारात पडले. गाव विचारात पडलं. देवळाला नाही कोण म्हणणार? मिस्त्रीने लगबगीने झाकणावरची अक्षतांचा कणन् कण खरवडला, कारण एक दाणा जरी मधे राहिला असता तरी वाफ फुटली असती. मग त्याने नवा शेंदूर चढवला. ते बघून तर लोकांची खात्रीच पटली. बोल्ट आवळले, शेंदूर सुकू दिला आणि दुसऱ्या दिवशी इंजिन असं चाललं की मिस्त्रीनेही नकळत हात जोडले. ज्या बायका धुराड्याला नावं ठेवत होत्या, त्या छपराच्या पायरीला हात लावून भाताच्या पाट्या उतरवू लागल्या.

परशुरामाला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात काका म्हणाले, "आता रोज देवाला निवद लागंल. पन यंत्राचा तांदूल नको हां! हातकांडीचा."

सगळ्यांच्या नजरा ठमाबाईकडे वळल्या. परशुरामाने डोक्याला हात लावला. एवढं सगळं करून मुसळ पुन्हा तिच्याच हातात!

ठमाबाईने पदर सावरला. "मी कांडलं असतं. पन ज्याच्या घरी देवाला पयला शेंदूर लागला, त्या घरच्या बाप्यानं कांडाचा असतो ना, काका?"

अशी रीत काकांनी कधी ऐकलेली नव्हती. पण आपल्याला माहीत नाही असं ते गावात कधीच म्हणत नसत. "बरोबर. तशीच रीत हाय," ते म्हणाले.

तेव्हापासून पुढच्या अंगणात इंजिन गावचं भात भरडायचं आणि मागच्या पडवीत इंजिनाचा मालक मुसळाने देवापुरता तांदूळ कांडायचा. पहिल्याच दिवशी संध्याकाळी तो खांदा धरून भिंतीला टेकला. शेंदूर कालवून उरलेलं जवसाचं तेल ठमाबाईने कोमट करून आणलं आणि ती त्याचा खांदा चोळू लागली.

तो हळूच म्हणाला, "अगो, रोज एवढा दुखायचा तुला?"

ठमाबाईने वाटीतलं आणखी थोडं तेल हातावर घेतलं.