हरवलेल्या मेंढीचा देव

भाषेच्या पुस्तकातल्या एका मेंढीवरून आपल्या घरात अबोला धरला जाईल, असं लिफ्ट तपासनिसाला कुणी आधी सांगितलं असतं, तर त्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा वरच्या मजल्याचं दार बंद, खालच्या मजल्याचं दार बंद, आणि मधल्या मजल्याबाहेर त्याची दहा वर्षांची मुलगी जिन्यात बसून पेन्सिलीला टोक काढत होती.

"वरची आजी खालच्या आजीशी बोलत नाहीये," तिने बातमी दिली. "खालची वरच्या आजीशी बोलत नाहीये. आणि तुझ्याशी दोघीही बोलणार नाहीयेत."

तपासनीस तिथेच पायरीवर मटकन बसला.

वरची आजी म्हणजे त्याची आई आणि खालची म्हणजे सासूबाई. दोघींचे देव वेगळे. त्याच्या लग्नात दोन्हीकडून असा काही गोंधळ झाला होता की आजही त्याची आठवण निघाली की त्याला घाम फुटे. मुलगी झाली तेव्हा शेवटी तह झाला. आपापल्या मजल्यावर ज्याने त्याने काय हवं ते करावं, पण मधला मजला मोकळा राहील आणि मुलीच्या अभ्यासात कुणाचाही देव येणार नाही. तह आजवर टिकला होता, कारण दोघी विहिणी एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोलतच नसत.

मुलीला घरात सगळे मुंगूस म्हणत. एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की ती तळाशी पोचल्याशिवाय सोडायची नाही. शाळेने मात्र तिला गप्प करून दाखवलं होतं. प्रश्न विचारला की बाहेर उभं राहायचं, असं वर्षभर चाललं, आणि एक दिवस तपासनिसाच्या लक्षात आलं की पोरगी घरीही काही विचारत नाही. तो हादरला. त्याने तिला शाळेतून काढलं आणि परत तिथे पाठवणार नाही असा शब्द दिला. घरच्या अभ्यासात ती हळूहळू पुन्हा बोलायला लागली होती. गणित ठरलं, विज्ञान ठरलं. भाषेचा अभ्यासक्रम तेवढा ठरेना, आणि शिक्षण कार्यालयाच्या पर्यवेक्षिका तर येऊ घातल्या होत्या.

बायको भूलतज्ज्ञ होती. दिवसभर लोकांना शांत करण्यात तिचा हातखंडा, पण वरच्या-खालच्या या दोघींपुढे तिची मात्रा चालत नसे. तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं की पर्यवेक्षिका येईपर्यंत भाषेचं नक्की झालं नाही, तर मुलगी शाळेत जाईल आणि आपण त्यावर वाद घालणार नाही.

आता पुस्तकं धर्मनिरपेक्ष आहेत की नाहीत हे ठरवायचं कसं? छापणारे तर सगळेच तसं म्हणतात. लिफ्ट तपासनिसाने आपल्या धंद्यातली रीत वापरली. लिफ्ट सुरक्षित आहे का हे तो ती बसवणाऱ्याला कधी विचारत नसे. इमारतीत लिफ्टला सगळ्यात जास्त घाबरणारं माणूस शोधायचं आणि त्याला विचारायचं. त्याला बारीकसा धक्कासुद्धा बरोबर कळतो. त्या हिशोबाने दुसरीच्या देवाचा वास या दोघींइतका कुणाला येणार? त्याने मागवलेली सगळी नमुना पुस्तकं दोघींकडे पाळीपाळीने दिली. वर गुलाबी चिठ्ठ्या, खाली निळ्या. जिथे दुसरीचा देव दिसेल तिथे चिठ्ठी चिकटवायची. आपल्या या युक्तीवर तो त्या दिवशी फार खूश होता.

पुस्तकं परत आली तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले. पानांपेक्षा चिठ्ठ्याच जास्त होत्या. दिव्याच्या गोष्टीवर गुलाबी, पुराच्या गोष्टीवर निळी. हवामानाच्या धड्यात ढगावर एक दाढीवाला म्हातारा काढला होता, त्याच्यावर दोन्ही. एक पुस्तक कोरं सापडलं म्हणून त्याने आनंदाने बायकोला हाक मारली, आणि मग पाहिलं तर त्याचं वेष्टनच कुणी फोडलं नव्हतं. त्यात दोघींनी एकमेकींच्या चिठ्ठ्या पाहिल्या. हरवलेल्या मेंढीचा धडा तुमच्या धर्माचा, असं वरचीचं म्हणणं. उलट तुमचाच, असं खालचीचं. मेंढीपाशी अबोला सुरू झाला.

त्यानंतर तपासनीस रोज लिफ्टच्या टपावर उभा राहून काळजी करत होता आणि घरी मुलगी अभ्यास सोडून जिना चढत-उतरत होती. काय चाललंय असं विचारलं तर निरोप, एवढंच म्हणायची. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण भांडण काही थांबलेलं नव्हतं. पोरगी हातची जाणार, असं त्याला वाटायला लागलं.

आणि पर्यवेक्षिका आल्या. त्यांनी गणित पाहिलं, विज्ञान पाहिलं आणि चष्मा काढून पुसत विचारलं, "भाषेसाठी काय चालू आहे?"

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. आता खरं सांगून टाकावं म्हणून तपासनिसाने तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मेंढी."

"मेंढी?"

"आधी तोंडी निरोप होते. पण आज्या म्हणाल्या, मी मध्येच बदलते, म्हणून लिहून न्यायला लागले. वरच्या आजीचं म्हणणं असलं की धड्यातला पुरावा शोधायचा. मग खालच्या आजीच्या बाजूने तोच खोडायचा. पुराव्याशिवाय लिहिलं की दोघीही परत पाठवतात. दिवा झाला, पूर झाला, म्हातारा झाला. आता मेंढी."

तपासनिसाच्या पायाखालची जमीन सरकली. मधल्या मजल्यावर देवाचं नाव नको, म्हणून त्याने एवढा खटाटोप केला, आणि पोरगी सकाळ-संध्याकाळ दोन्ही देवांचं वकीलपत्र घेऊन फिरत होती.

पर्यवेक्षिकांनी चष्मा घातला. "आणि तुझं स्वतःचं मत?"

"मी ते दिलं नव्हतं. मला दोघींकडे जेवायचं असतं. पण मेंढी कुणाचीच नाही. ती शेवटी सापडतच नाही. मेंढपाळ म्हणतो, जाऊ दे, आणि घरी जातो. दोघींनी शेवटचं पान वाचलेलंच नाही. आज सकाळी सांगितलं मी त्यांना."

पर्यवेक्षिकांनी तिने लिहिलेले निरोप मागवून चाळले. मग म्हणाल्या, "या वयात इतकं बारकाईने वाचणारं मूल मी फार पाहिलेलं नाही. दोन्ही बाजू सारख्या तोलते, म्हणजे निरपेक्षही आहेच. मंजूर. पुढच्या वेळी येईन तेव्हा याच्या पुढचं पाहायला मिळू दे. फक्त यात खंड पडता कामा नये."

दार लागलं आणि तपासनिसाने मुलीला उचलून गरकन फिरवलं. शाळा टळली होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ही बातमी आईला सांगायला तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला, आणि दारातच थबकला.

दोघी विहिणी एका परातीत मटार सोलत बसल्या होत्या.

"चुकलंच आमचं," सासूबाई म्हणाल्या. "शेवट न वाचता भांडलो. लाज वाटली हो."

"आता पुस्तकाचं नावसुद्धा काढायचं नाही, असं ठरवलंय आम्ही," आई म्हणाली. "गुण्यागोविंदाने राहणार."

लग्नापासून तो या दृश्याची वाट पाहत होता, आणि आता ते बघून त्याचं धाबं दणाणलं. तो खाली आला, ते न फोडलेलं पुस्तक फोडलं, चाळलं, आणि पुन्हा वर गेला. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"या धड्यातली ही होडी कुणाची असेल, असं आपलं सहज मनात आलं," तो म्हणाला.

सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि गोड हसल्या. "तुमचीच असू दे, विहीणबाई."

"छे छे, तुमचीच. मी काही म्हणणार नाही."

"नाही, खरंच तुमची. घ्या तुम्ही."

आईने पुस्तक हातात घेऊन निरखून पाहिलं. "पण हिला तळाशी भोक आहे."

"असेल की."

"असेल की म्हणजे? बुडणारी होडी तेवढी आमची होय?"

परात बाजूला सरकली. तपासनिसाने हळूच दार ओढून घेतलं आणि जिन्यातून खाली हाक मारली, "मुंगूस, ये वर. भाषेचा तास सुरू झालाय."